शृंगारास पात्र

सन १८६७च्या जुलै महिन्यात सॅन फ्रान्सिस्को शहराच्या कारभाऱ्यांनी एक हुकूम जारी केला. रस्त्यावरील भिक्षेकऱ्यांचा बंदोबस्त करणे हा त्याचा उघड हेतू होता. परंतु त्यातील एका कलमान्वये, रोगाने, अपघाताने अथवा जन्मतःच ज्याचे शरीर असे विरूप झाले आहे की त्याच्या दर्शनाने इतरांस किळस यावी, अशा कोणाही माणसाने सार्वजनिक रस्त्यावर वा चौकात आपले दर्शन घडवू नये, असा स्पष्ट मज्जाव करण्यात आला होता. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून जेमतेम दोन वर्षे झालेली. हातपाय गमावून परतलेले शिपाई देशभर विखुरलेले. आणि अशा काळात एका भरभराटीच्या शहराला आपल्या रस्त्यांवरून भग्न देह हद्दपार करण्याची ही बुद्धी झाली. शिकागोने १८८१ साली तसाच कायदा करून त्याच्या भंगाबद्दल एक डॉलरपासून पन्नास डॉलरपर्यंत दंड ठरवला, आणि तो कायदा १९७४ सालापर्यंत त्या शहराच्या दफ्तरातून निघाला नाही.

त्याच सॅन फ्रान्सिस्कोत, त्या हुकमानंतर जवळजवळ एकशे चाळीस वर्षांनी, २००६ साली काही अपंग कलावंतांनी रंगमंचावर येऊन आपले देह प्रकाशात उभे केले, आणि ते दया मागण्यासाठी नव्हे, धैर्याचे प्रशस्तिपत्र मिळवण्यासाठीही नव्हे, तर आम्हांला वासना आहेत, आम्ही कोणाची तरी कामना करतो आणि आमचीही कोणी कामना करते, हे चारचौघांसमक्ष सांगण्यासाठी. पॅटी बर्न आणि लिरॉय मूर या दोघा स्नेह्यांनी सुरू केलेल्या त्या उपक्रमाचे नाव 'सिन्स इन्व्हॅलिड'. बर्न यांचे माता-पिता एक जपानी वंशाचे, एक हैतीचे. त्या स्वतः विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीवर वावरत. मूर हे कृष्णवर्णीय कवी, जन्मापासून मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजे सेरेब्रल पाल्सीने, ज्यांची चाल आणि वाणी दोन्ही अडखळतात असे. आपल्या कवितेला आणि आपल्या मित्रांच्या नृत्याला शहरात कोठेच जागा नाही, हे या दोघांच्या बोलण्यात वारंवार येई. अपंगांच्या संस्था होत्या, तेथे लैंगिकतेचा विषय निघत नसे. कलावंतांची नाट्यगृहे होती, तेथे अपंग फार तर प्रेक्षक म्हणून, तोही पायऱ्या चढता आल्या तर, येऊ शके.

या उपक्रमाचे महत्त्व कळण्यासाठी अमेरिकेतील अपंगांच्या चळवळीने तोवर काय मिळवले होते आणि काय मागे ठेवले होते, हे थोडे पाहिले पाहिजे. १९७७ सालच्या ५ एप्रिलला याच शहरातील मध्यवर्ती सरकारच्या कचेरीत दीडशेच्या आसपास अपंग माणसे शिरली आणि जवळजवळ चार आठवडे तेथेच ठाण मांडून बसली. १९७३च्या पुनर्वसन कायद्यातील ५०४ क्रमांकाच्या कलमाचे नियम सरकारने चार वर्षे रखडवले होते. ते मंजूर व्हावेत एवढीच त्यांची मागणी होती. कित्येकांना रात्री कूस बदलण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागे, औषधे संपत आली होती, तरीही ती माणसे हटली नाहीत. कृष्णवर्णीयांच्या 'ब्लॅक पँथर' पक्षाने त्यांना आत अन्न पोहोचवले, आणि अखेर २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. पुढे चाकाच्या खुर्च्यांसाठी उतरणी झाल्या, बसगाड्यांना उचलपाळणे बसले, विद्यापीठांची दारे उघडली. नोकरी, प्रवास आणि शिक्षण यांविषयी बोलणे अपंगांना जमू लागले. पण रात्रीच्या एकांताविषयी कोण बोलणार? लेखिका अ‍ॅन फिंगर यांनी १९९२ साली लिहिले की, लैंगिकता हेच अनेकदा अपंगांच्या सर्वांत खोल दडपणुकीचे आणि दुःखाचे मूळ असते, आणि नोकरीतील अन्यायाबद्दल बोलणे त्या मानाने कितीतरी सोपे जाते. मागणी कोणाकडे करायची, हा प्रश्न येथे निराळाच होतो. उतरण सरकारकडे मागता येते. प्रेम कोणत्या खात्याकडे अर्ज करून मागावे?

शिवाय या मौनामागे भीतीही होती, आणि ती निराधार नव्हती. अपंगांच्या लैंगिकतेची दखल राज्यसंस्थेने घेतली होती, पण ती हातात शस्त्र घेऊन. कॅलिफोर्निया राज्याने १९०९ साली वंध्यीकरणाचा कायदा केला आणि तो १९७९ साली रद्द होईपर्यंत सुमारे वीस हजार माणसांची, मनोरुग्णालयांतील आणि मतिमंदांच्या आश्रमांतील माणसांची, प्रजननशक्ती कायमची काढून घेतली. व्हर्जिनिया राज्यातील कॅरी बक या तरुणीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा शस्त्रक्रियेवर १९२७ सालच्या मे महिन्यात आपली मोहोर उठवली. त्याच वर्षीच्या जुलैत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक काढला. स्त्रीपुरुषांच्या कामसुखाविषयी मराठीत निर्भयपणे बोलण्याची वाट त्या मासिकाने खुली केली. पण जगभरच्या तत्कालीन संततिनियमनाच्या चर्चेला सुप्रजननाच्या विचाराचा जो रंग चढला होता, त्यात अपंग मनुष्य येई तो बहुधा जिची संतती टळावी अशी व्यक्ती म्हणून.

हे सर्व परदेशात घडले असे समाधान मानून घेण्याची सोय आपल्याला नाही. १९९४च्या फेब्रुवारीत शिरूर येथील सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींना पुण्याच्या सरकारी रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशये काढण्यात आली. मासिक पाळीत त्यांना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण दाखवण्यात आले. स्त्रीसंघटनांनी गिल्ला केला तेव्हा पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. ज्या मुलींना आपल्या शरीराविषयी एक अवाक्षर कोणी सांगितले नव्हते, त्यांच्या शरीराविषयीचा निर्णय इतक्या कारकुनी पद्धतीने व्हावा, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये अशी आहे. पुढे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या दहाव्या कलमात, संबंधित व्यक्तीच्या स्वतंत्र आणि सजाण संमतीवाचून तिला वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय क्रिया करता येणार नाही, असे घालण्यात आले. तो कायदा देशातील एका मोठ्या जनसमूहासाठी आहे. २०११च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली होती.

कायद्याने शस्त्र थांबते. पण शस्त्र उचलणाऱ्या मनात अपंगाच्या देहाचे जे चित्र असते ते बदलण्याचे सामर्थ्य कायद्यात नसते, आणि येथेच रंगभूमीचा प्रश्न उपस्थित होतो. भरताने सांगितलेल्या आठ रसांपैकी अपंगाच्या वाट्याला समाजाने कोणते दिले आहेत हे पाहिले तर करुण आणि वीर हे दोनच ठळकपणे हाती लागतात. तो रडवतो किंवा जिद्दीने स्फूर्ती देतो. पूर्वी तो हसवीतही असे. नाट्यशास्त्रात हास्यरसाच्या विभावांमध्ये व्यंगदर्शन, म्हणजे शारीरिक व्यंगाचे दर्शन, स्पष्टपणे गणले आहे आणि विदूषकाचे वर्णन करताना तो खुजा, कुबडा, पुढे आलेल्या दातांचा आणि टक्कल पडलेला असावा असे सांगितले आहे. नायकाच्या शृंगारात तो दूत होतो, नायिकेचा निरोप आणतो, मोदकांवर ताव मारतो. पण त्याच्या स्वतःच्या मनात रती हा स्थायीभाव असू शकतो, अशी शंकादेखील संस्कृत नाटककारांना शिवत नाही. रसांत अग्रस्थान मिळालेला शृंगार त्याच्यासाठी नाहीच.

पुराणांतील कुब्जेची कथाही या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. मथुरेच्या राजमार्गावर ती तीन ठिकाणी वाकलेली दासी कृष्णाला चंदनाची उटी देते. कृष्ण तिच्या पायांवर आपला पाय ठेवून, हनुवटीला दोन बोटे लावून तिला सरळ करतो. आणि सरळ, सुंदर झाल्यानंतरच ती त्याचे उत्तरीय धरून आपल्या घरी चलण्याची विनंती करते. कृष्ण पुढे तिच्या घरी जातो, तिची इच्छा पुरवतो. कथेत करुणा आहे, भक्ती आहे, कामही आहे. पण वाकलेल्या पाठीला काम बोलून दाखवण्याची मुभा नाही. आधी देह बदलायचा, मग वासना. जगातील किती कथा याच वाटेने जातात! युरोपातील सुंदरी आणि पशू यांच्या कथेतही सुंदरीचे प्रेम सिद्ध झाल्याबरोबर पशूचा राजपुत्र होतो.

मॅट फ्रेझर या इंग्रज नटाने ही वाट अडवली. फ्रेझर यांचा जन्म १९६२चा. गरोदरपणी मळमळ थांबावी म्हणून दिले जाणारे थॅलिडोमाइड हे औषध १९५७ साली जर्मनीत विक्रीस आले, आणि १९६१च्या अखेरीस ते मागे घेतले जाईपर्यंत झालेल्या त्याच्या वापरामुळे दहा हजारांहून अधिक मुले आखूड वा अपुऱ्या अवयवांनिशी जन्मली. फ्रेझर हे त्यांपैकी एक, त्यांचे हात खांद्यापासून अगदी आखूड आहेत. २००१ साली त्यांनी 'सीलबॉय: फ्रीक' हा एकपात्री प्रयोग केला. त्यात दोन व्यक्ती आलटून पालटून येतात. एक म्हणजे 'सीलो' या नावाने अमेरिकेतील जत्रांच्या तंबूंतून दशकानुदशके आपला देह दाखवून पोट भरणारा स्टॅन्ली बेरेंट. दुसरा आजचा एक अपंग नट, जो भूमिका मिळावी म्हणून निर्मात्यांचे उंबरठे झिजवतो. सीलो लोकांसमोर दाढी करून दाखवी, करवतीने लाकूड कापून दाखवी, आणि रोजची ही कामे पाहण्यासाठी लोक तिकीट काढत. प्रयोग पाहताना प्रेक्षकाला स्वतःला विचारणे भाग पडते की, आपण आज तिकीट काढले ते नेमके कशासाठी.

परंतु या लेखाच्या विषयाशी अधिक जवळचे आहे ते फ्रेझर आणि त्यांच्या पत्नी, नर्तकी ज्यूली अ‍ॅटलस म्यूझ, यांनी मिळून केलेले 'ब्यूटी अँड द बीस्ट'. २०१३ साली ते लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहात झाले. दोघेही कोनी आयलंड येथील जत्रेच्या खेळांमुळे एकमेकांच्या ओळखीचे झालेले. त्यांच्या खऱ्या प्रणयाची हकीकत आणि जुनी परीकथा यांची वीण त्यात घातली होती. दोन कळसूत्री-कलावंत आपले हात फ्रेझर यांना उसने देत. त्या उसन्या हातांनी काही करावे आणि मग ते हात दूर सारून आपल्या आखूड हातांनी पत्नीला जवळ घ्यावे, असा तो खेळ होता. दोघे विवस्त्र होत. प्रेम सिद्ध झाल्यावर पशूचा देह पालटत नाही. तो होता तसाच राहतो आणि तसाच हवा असतो. मूळ कथेतील रूपांतर गाळले गेल्याने कथा कोठेच अपुरी वाटत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोकडे परत वळले पाहिजे, कारण तेथील प्रयोगांत ही गोष्ट एका माणसापुरती न राहता समूहाची झाली. मिशन वस्तीतील ब्रावा नाट्यगृहात झालेल्या या प्रयोगांचे रूप सलग नाटकाचे नसे. कविता, नृत्य, गायन, चित्रफीत आणि निवेदन यांची ती एक मालिका असे. तिच्यावर २०१३ साली अर्ध्या तासाचा एक लघुपट निघाला. या प्रयोगांपैकी एकात उघड्या अंगाचा एक पुरुष चाकाच्या खुर्चीला बांधलेला आहे, आणि ती खुर्ची दोरांनी छताला टांगलेली आहे. ती हवेत झुलते, उलटी होते, आणि त्याच्या दंडांचे, पाठीचे स्नायू प्रकाशात एकेक करून उमटत जातात. तो रॉडनी बेल, न्यूझीलंडचा माओरी नर्तक. १९९१ साली मोटारसायकलच्या अपघातात त्याचा कमरेखालचा भाग निकामी झाला. पुढे ओकलंडच्या 'अ‍ॅक्सिस' या नृत्यसंस्थेत तो काही वर्षे नाचला. रुग्णालयाने दिलेली, कीव आणणारी म्हणून ओळखली जाणारी ती खुर्ची येथे त्याच्या देहाचा भाग होऊन त्याच्या देखणेपणात भर घालते. दर्शनाने किळस येईल म्हणून जो देह रस्त्यावर आणू नये असे या शहराने एकेकाळी ठरवले, तो देह येथे लोक श्वास रोखून आणि, हे लिहिण्यास संकोच कशाला, अभिलाषेने पाहतात. याच बेलला पुढे याच शहराच्या रस्त्यांवर काही वर्षे बेघर होऊन काढावी लागली. टाळ्या देणाऱ्या शहराकडे त्याला देण्यासाठी खुर्ची आत जाईल अशी खोली नव्हती. मायदेशी परतल्यावर 'मेरेमेरे' या आपल्या एकल प्रयोगात ती कहाणीही त्याने सांगितली.

लिरॉय मूर यांच्या शृंगारिक कवितांपैकी एकीचा विषय लाळ हा आहे. पक्षाघाताने ओठांवरचा ताबा सैल होतो, लाळ गळते. लहानपणापासून आई, शिक्षक, डॉक्टर सारे जण रुमाल पुढे करून ती पुसण्यास सांगत आलेले असतात. रंगमंचावर मूर ती लाळच कामुक करतात. प्रियजनाच्या अंगावर ओघळणारी, आस्वादण्याजोगी. प्रथम ऐकताना अंगावर काटा येतो हे खरे आहे. पण चुंबनात लाळेची देवघेव होते हे प्रत्येक प्रौढ माणूस जाणतो. संस्कृत कवींनी अधरपानाला अमृताची उपमा देऊन ठेवलेली आहे, आणि तीत कोणाला काही ओंगळ वाटलेले नाही. मग किळस कशाची येते? लाळेची, की ती ज्याच्या ओठांवरून ओघळते त्याला कामना असावी याची? मूर यांच्या कवितेचे बळ या प्रश्नात आहे, आणि तो प्रश्न छापील पानावर इतक्या धारेने विचारता आला नसता. वाचक पान उलटू शकतो. नाट्यगृहात तो अडखळता आवाज, ते हलणारे ओठ समोर असतात आणि शेजारी अनोळखी माणसे बसलेली असतात.

जिवंत प्रयोगाचे हे सामर्थ्य मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते. अपंग माणसाकडे आयुष्यभर पाहिले जाते: डॉक्टर पाहतात, वैद्यकीय मंडळ अपंगत्वाच्या टक्केवारीचा दाखला देण्यासाठी पाहते, गाडीतले प्रवासी चोरून पाहतात. पाहणारा नेहमी सुरक्षित असतो. रंगमंचावर मात्र पाहिले जाणाऱ्याने वेळ, प्रकाश आणि अंतर ही तिन्ही ठरवलेली असतात. तो उलट पाहू शकतो. आपल्या मराठी प्रेक्षकाला तरी हे समजावून सांगावे लागू नये. १९११ साली 'मानापमान'मध्ये बालगंधर्व भामिनी होऊन आले तेव्हा रंगमंचावर स्त्रीदेह नव्हता हे ठाऊक असूनही प्रेक्षागृह त्या शृंगाराने भारून गेले, आणि स्त्रियांनी त्यांच्या नेसण्यामाळण्याचे अनुकरण केले. शृंगार देहाच्या प्रमाणबद्धतेतून उपजत नाही, तो नटाच्या अधिकारातून आणि प्रेक्षकाच्या संमतीतून सिद्ध होतो, हा अनुभव ज्या रंगभूमीने शंभर वर्षांपूर्वी घेतला, तिला खुर्चीवरचा नायक किंवा अंध नायिका अशक्य का वाटावी?

'सिन्स इन्व्हॅलिड'च्या मंडळींनी प्रेक्षागृहाचाही तितकाच विचार केला. सांकेतिक भाषेचे दुभाषी, अंधांसाठी दृश्यांचे निवेदन, खुर्चीवाल्यांसाठी मोकळ्या जागा, उग्र वासाने ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी अत्तरविरहित रांग, आणि पैसे नाहीत म्हणून कोणाला दारातून परत न पाठवण्याचा नियम. लंडनमध्ये १९८० साली नबील शबान आणि रिचर्ड टॉमलिन्सन यांनी स्थापन केलेल्या 'ग्रेआई' या अपंग नटांच्या नाट्यसंस्थेने तर ही सोय नाटकाच्या संहितेतच गुंफली. तिने २००२ साली केलेल्या केट ओ'रायली यांच्या 'पीलिंग' या नाटकात तीन अपंग नट्या एका भव्य ग्रीक शोकांतिकेच्या समूहगानासाठी, प्रचंड घेरदार पोशाखांत, रंगमंचाच्या मागील बाजूस उभ्या आहेत. पुढे मुख्य नाटक चालले आहे, ज्यात त्यांना जवळजवळ काहीच काम नाही. आणि प्रकाश त्यांच्यावर नसतो तेव्हा त्या आपसांत पुरुषांविषयी, शय्येविषयी, होऊ दिलेल्या आणि न होऊ दिलेल्या मुलांविषयी बोलतात. पोशाखाचे थर हळूहळू गळत जातात. तिघींपैकी एक गरोदर आहे. ट्रॉयच्या स्त्रियांनी युद्धात गमावलेली मुले आणि अपंग स्त्रियांना समाजाने नाकारलेली मुले या दोहोंचा शोक एकाच रंगमंचावर, एकमेकींकडे न पाहता, चालू राहतो. कामनेबरोबर मातृत्वाचा प्रश्न इतक्या सरळपणे मांडणारी संहिता मला दुसरी आठवत नाही, आणि कधीतरी ती मराठीत यावी असे मनापासून वाटते.

या क्षेत्रातील सगळेच काम पचनी पडणारे नाही. लॉस एंजेलिसचे बॉब फ्लॅनगन हे सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसे चोंदवणाऱ्या आनुवंशिक रोगाने लहानपणीच दगावतील असे गृहीत धरले गेले होते. ते १९९६च्या जानेवारीत, त्रेचाळिसाव्या वर्षी वारले. १९९२ साली त्यांनी आपल्या जोडीदार शीरी रोझ यांच्यासह सांता मोनिका येथील कलासंग्रहालयाचे रुग्णालयात रूपांतर केले, स्वतः तेथे खाटेवर पडून राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलत राहिले. वेदनेतून मिळणारे कामसुख हा त्यांच्या कलेचा विषय होता. रोगाने लादलेली वेदना बालपणापासून सोसणाऱ्या माणसाने स्वतः निवडलेल्या वेदनेत सुख शोधावे, यातला तर्क मला समजतो. तिचे प्रदर्शन पाहवते असे मी म्हणणार नाही. परंतु रुग्णशय्या ही कामविरहित, पवित्र आणि केविलवाणी जागा असते या समजुतीला फ्लॅनगन यांनी दिलेला धक्का पुढील कलावंतांना उपयोगी पडला, हे मान्य केलेच पाहिजे.

आता आपल्याकडे. सुधा चंद्रन यांची हकीकत महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? १९८१ साली तिरुचिरापल्लीजवळ बसच्या अपघातानंतर त्यांचा उजवा पाय कापावा लागला. डॉक्टर प्रमोद करण सेठी यांच्या जयपूर पायावर उभे राहून त्या १९८४ साली मुंबईत पुन्हा भरतनाट्यम् नाचल्या. शाळेच्या पुस्तकांपासून सत्कारसमारंभांपर्यंत ती कथा आजवर जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. पण भरतनाट्यमाचा गाभा शृंगार आहे. पदम् आणि वर्णम् यांत नायिका आपल्या नायकाची वाट पाहते, रुसते, त्याला शय्येवर बोलावते. लाकूड-रबराच्या पायावर उभी राहून एक तरुणी विरहिणी नायिका झाली आणि रसिकांना ती नायिका म्हणूनच भावली, हे या घटनेतील अपूर्व अंग. आणि नेमके तेच आपण सांगायचे विसरलो. वीररस आपल्याला सोयीचा पडला.

मुंबईतच निधी गोयल या अंध कार्यकर्तीने एकट्याने उभे राहून हसवण्याच्या नव्या कलाप्रकाराचा, स्टँडअपचा, आश्रय घेतला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांची दृष्टी जाऊ लागली. व्यक्तिचित्रे रंगवणारी चित्रकार होण्याचे स्वप्न त्यामुळे सोडावे लागले. २०१७ साली त्यांनी 'रायझिंग फ्लेम' ही संस्था काढली. अपंग स्त्रीचे लग्न, तिचे प्रेमप्रकरण, तिची शारीरिक इच्छा आणि या तिन्हींविषयी सहानुभूतीने ओथंबलेल्या लोकांचे प्रश्न हा त्यांच्या कार्यक्रमांचा मालमसाला असतो. ज्या व्यंगदर्शनावर शास्त्रकारांनी हास्य उभारले, त्याची सूत्रे येथे व्यंग असलेल्या व्यक्तीच्या हाती आहेत. हसे होते ते प्रश्न विचारणाऱ्याचे. विदूषकाच्या दीर्घ इतिहासात ही घडामोड लहान नाही.

आणि 'अपूर्व मेघदूत'. 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ साली सुरू करणारे स्वागत थोरात यांनी अंध कलावंतांना घेऊन कालिदासाच्या काव्यावरील हे नाटक बसवले. मेघदूत हे रामगिरीवर, म्हणजे आपल्या रामटेकवर, एकाकी पडलेल्या यक्षाच्या वासनेचे काव्य आहे, असे म्हणण्यास अभ्यासक लाजत नाहीत. त्यातील नद्या, पर्वतशिखरे आणि ढग सारे प्रणयात गुंतलेले आहेत. ते काव्य दृश्यांनी ओतप्रोत भरलेले. आणि ते उभे करणार ज्यांनी ढग पाहिला नाही असे नट. नृत्य शिकणारा डोळस विद्यार्थी गुरूकडे पाहून हस्तमुद्रा उचलतो. अंधाला ती शिकवायची तर त्याचा हात हातात घ्यावा लागतो, खांदा वळवावा लागतो, कमरेचा बाक बोटांनी दाखवावा लागतो. स्पर्शाविषयी अतिशय भिडस्त असलेल्या आपल्या समाजात, तरुण मुलामुलींना एकमेकांच्या स्पर्शातून शृंगाराचा अभिनय शिकवणे ही गोष्ट तालमीच्या खोलीत केवढा विश्वास मागत असेल! अंध मुलांना वाढवताना 'हात लावू नकोस' हा हुकूम आपण किती वेळा सोडतो, हे ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना विचारावे. जगाला ओळखण्याचे त्याचे साधनच स्पर्श, आणि वयात आल्यावर तेच साधन संशयास्पद ठरते.

राज्य शासनाच्या सांस्कृतिक खात्याकडून हौशी नटांसाठी नाट्यस्पर्धा होतात, आणि त्यांच्या जोडीला दिव्यांगांसाठी बालनाट्यस्पर्धाही घेतली जाते. ती जरूर व्हावी. तिच्यामुळे कितीतरी मुलांच्या पायांना रंगमंचाची फळी लागली. पण त्या स्पर्धेत अकराव्या वर्षी ससा किंवा झाड झालेली मुलगी पंचविसाव्या वर्षी कोणती भूमिका करणार, याची तजवीज कोणी करायची? आपल्या नाट्यगृहांत खुर्चीवाल्यासाठी उतरण केली जाते ती बहुधा प्रेक्षकांच्या दाराशी. विंगेतून रंगमंचावर चढणाऱ्या तीन-चार पायऱ्या, रंगपटाचा अरुंद दरवाजा आणि त्यामागची मोरी यांकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण खुर्चीवरचा मनुष्य प्रेक्षक असेल इतपत आपली कल्पना जाते, तो नायक असेल असे मनात येत नाही. सांस्कृतिक खात्याने पुढच्या वर्षीच्या नियमावलीत प्रौढ दिव्यांग नटांसाठी स्वतंत्र विभाग नव्हे, तर सर्वांच्याच स्पर्धेत त्यांना लागणाऱ्या सोयींचा खर्च मंजूर करावा. नगरपालिकांनी नाट्यगृहांच्या डागडुजीत रंगपटाचे दार रुंद करून घ्यावे. आणि आपल्या नाटककारांनी, ज्यांच्या लेखणीला प्रेमाचे इतके त्रिकोण सुचले आहेत त्यांनी, त्यातील एका कोनावर कुबडी घेतलेल्या स्त्रीला उभे करून, तिला बरी न करता, तिला निवड करण्याचा प्रसंग लिहून पाहावा.